दोन लाख फेरे, सहा कण

३०८ विंचेस्टर या काडतुसातली १५० ग्रेनची गोळी वजनाला ९.७ ग्रॅम भरते. चाप ओढल्यावर नळीतल्या वायूचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चार हजार पटींपलीकडे चढतो. सव्वा-दीड मिलिसेकंदात गोळी नळीबाहेर पडते, तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण ८५० मीटर असतो. अर्ध्या मीटरच्या धावेत शून्यावरून इथवर यायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी सत्तर हजार पटींच्या आसपास त्वरण सोसायचं. शिवाय नळीच्या आत कोरलेल्या आट्यांमुळे ती स्वतःभोवती फिरत असते, दर दहा इंचांना एक फेरा. भागाकार केला की उत्तर येतं, मिनिटाला दोन लाख फेरे.

हीच गोळी शंभर मीटरवर उभ्या असलेल्या रानडुकराच्या खांद्यातून आरपार गेली, तर त्याच्या शरीरात ती किती फेरे घेईल? दोन. फार तर अडीच. चाळीस सेंटिमीटरचं शरीर ओलांडायला तिला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, आणि तेवढ्या वेळात दोन लाखांच्या गतीलाही दोनच फेरे साधतात. गोळी फिरत फिरत भोक पाडत जाते ही समजूत या एका भागाकाराने निकालात निघते. फिरणं असतं ते हवेत नाक सरळ राहावं म्हणून.

ऊर्जेचा आकडाही असाच चकवतो. नळीतून निघताना या गोळीची ऊर्जा साडेतीन हजार ज्यूल असते. ऐकायला प्रचंड, पण आहाराच्या मापात ती एक कॅलरीसुद्धा होत नाही. घरच्या एका मध्यम पोळीत अशा शंभराहून अधिक गोळ्यांची ऊर्जा असते. धक्क्याचंही तेच. ८० किलोच्या डुकराने गोळीचा सगळा रेटा अंगावर घेतला, तरी ते ज्या वेगाने ढकललं जाईल तो सेकंदाला दहा सेंटिमीटरहूनही कमी. सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून पडतो तसं जनावर उडत नाही, उडू शकत नाही.

मग ते मरतं कशाने? गोळीने कुठे आणि किती रुंद फाडलं, आणि मेंदूकडे जाणारं रक्त किती लवकर थांबलं, यावर सगळं ठरतं. म्हणून सेकंदाच्या त्या हजाराव्या भागात गोळीचा आकार कसा बदलतो याला एवढं महत्त्व. आणि तिथेच धातूचा प्रश्न येतो: शिसं की तांबं?

शिकारीच्या रायफलची नेहमीची गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. शिसं जड, एका घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. ते स्वस्त आहे, ३२७ अंशांनाच वितळतं, आणि मऊ असल्यामुळे जनावराच्या अंगात शिरताच पसरतं. शिकाऱ्याला जे हवं ते सगळं त्यात आहे. पण पसरताना ते तुटतंही. साध्या बांधणीच्या गोळीचं वजन शरीरातून जाताना तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहून जास्त घटतं. हाडाला लागली तर विचारायलाच नको. हरवलेलं वजन कुठे जातं हा प्रश्न कितीतरी पिढ्या कुणाला पडला नाही.

१९८५ साली अमेरिकेतल्या बार्न्स कंपनीचे रँडी ब्रूक्स अलास्कात अस्वलाच्या शिकारीला गेले असताना त्यांच्या डोक्यात एक विचार आला, गाभ्यातून शिसं काढूनच टाकलं तर? १९८९मध्ये अख्खी तांब्याची गोळी बाजारात आली. पर्यावरणाचा मुद्दा तेव्हा त्यांच्यासमोर नव्हता. गोळी फुटू नये आणि खोल जावी एवढंच हवं होतं. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे तांब्याच्या गोळीवर ‘ही पर्यावरणवाल्यांची गोळी’ असा शिक्का बसला. तिचा जन्म मोठ्या, जाड हाडांच्या, चिवट जनावरासाठी झालेला आहे. रानडुकरासारख्या.

तांब्याच्या गोळीच्या नाकाला एक खोल भोक असतं. गोळी ओल्या मांसात शिरली की त्या भोकात द्रव घुसतो. सेकंदाला ७८० मीटर या वेगाला तिथला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट होतो. जगातल्या सर्वांत खोल समुद्रात, मारियाना गर्तेच्या तळाशी जेवढा दाब आहे, त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्या दाबाने तांब्याची नळकांडी आतून फाकते आणि चार पाकळ्या मागे वळतात. गोळीचा व्यास दुपटीला पोचतो, म्हणजे पुढचं क्षेत्रफळ चौपट होतं. हे सगळं पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये उरकतं, एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात. पाकळ्या तुटल्या नाहीत तर गोळी जेवढी शिरली तेवढीच बाहेर पडते. वजन जवळजवळ पूर्ण शिल्लक.

यातच तिची अटही दडलेली आहे. तो दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग ७८०वरून ५५०वर आला, तर वेग तीन दशांशाने घटला पण दाब निम्मा झाला. म्हणून बहुतेक तांब्याच्या गोळ्यांना सेकंदाला साधारण ५५० मीटरच्या, म्हणजे १,८०० फुटांच्या खाली नीट उघडता येत नाही. मऊ शिसं त्याहून कमी वेगालाही पसरतं, तांबं नाही. न उघडलेली गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते आणि जखमी डुक्कर झाडीत कुठेतरी तासन्‌तास तडफडतं. ३०८ विंचेस्टरला शंभर-दोनशे मीटरवर ही चिंता नसते. पण टेक्सासमध्ये रात्री थर्मल दुर्बीण लावून, आवाज दाबणारी नळी जोडून डुकरं मारणारे पुष्कळ जण ३०० ब्लॅकआउट या छोट्या काडतुसात आवाजापेक्षा कमी वेगाच्या गोळ्या वापरतात. सेकंदाला ३२० मीटर. तिथे दाब पाचशे पटींवर येतो, पहिल्या हिशोबाच्या सहाव्या भागावर. त्या वेगासाठी खास बनवलेली तांब्याची गोळी नसेल तर ती वापरू नये, हे तांब्याच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी सांगितलं पाहिजे.

दुसरी गोष्ट लांबीची. तांबं हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच जाडीची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा चांगली लांब होते. लांब गोळी हवेत सरळ ठेवायला जास्त गिरकी लागते, आणि जुन्या रायफलींच्या आट्यांना ती जमेलच असं नाही. त्यामुळे अनुभवी शिकारी तांब्याकडे वळताना वजन उतरवतात, १५०च्या जागी १३० ग्रेन घेतात. गोळी हलकी झाली की वेग वाढतो, आणि तांब्याला वेगच हवा असतो.

आता डुकराकडे येऊ. अमेरिका खंडात मुळात डुक्कर नव्हतं. १४९३मध्ये कोलंबसने दुसऱ्या सफरीत आठ डुकरं कॅरिबियन बेटांवर नेली. १५३९मध्ये एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर १३ डुकरं होती असं सांगतात. तीन वर्षांनी तो मेला तेव्हा कळप सातशेवर गेला होता. वाटेत खाल्लेली, पळालेली, चोरीला गेलेली त्यात धरलेलीच नाहीत. आज अमेरिकेतल्या किमान ३५ राज्यांत मिळून ६० लाखांहून अधिक रानटी डुकरं असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतली पंचवीस लाखांच्या घरातली एकट्या टेक्सासात. देशभरातल्या शेतीचं नुकसान वर्षाला अब्जावधी डॉलरमध्ये मोजतात. एका रात्रीत कळप शेत असं उलथतो की सकाळी तिथे नांगर फिरल्यासारखं दिसतं. हे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

मादी ११५ दिवसांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं, कधी दहा-बारा. वर्ष-सव्वा वर्षात दोन वेत होऊ शकतात. पिल्लांतल्या माद्या सहा-आठ महिन्यांत स्वतः वयात येतात. टेक्सासच्या अभ्यासकांचा हिशोब असा, की संख्या फक्त आहे तिथे थोपवायची असेल तरी दर वर्षी दोन-तृतीयांश डुकरं काढावी लागतील. तेवढी कुणीच काढू शकलेलं नाही. २०११च्या कायद्याने टेक्सासात हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला पैसे देऊन जाण्याची मुभा मिळाली, तरी नाही. एखाद्या बेटावर, कुंपणं घालून, वर्षभर रोज पाठलाग केला तरच शेवटच्या डुकरापर्यंत पोचता येतं. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता क्रूझ बेटावर २००५-०६ या काळात तसं झालं, तेव्हा मारलेल्या डुकरांची संख्या होती ५,०३६. मुख्य भूमीवर अशी शेवटची ओळ लिहिता येत नाही.

म्हणजे गोळ्या झाडल्या जाणार, आणि लाखांनी झाडल्या जाणार. त्या नीट मारतात का?

रानडुक्कर हे गोळीची परीक्षा घेणारं जनावर आहे. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कुर्च्यासारखी ढाल तयार होते, इंच-दीड इंच जाडीची. दुसऱ्या नरांचे सुळे अडवण्यासाठी ती असते. चरबी जाड असल्यामुळे जखमेचं तोंड बुजतं आणि रक्ताचा माग लागत नाही. काळीजही हरणापेक्षा पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये दडलेलं असतं. हरणाच्या सवयीने नेम धरणाऱ्याचा नेम वर आणि मागे जातो. अशा जनावरात तांब्याच्या गोळीचा गुण उठून दिसतो: ती ढाल आणि हाड ओलांडून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, दोन भोकं पडतात आणि माग सापडतो. याच गुणाचा धोका असा, की डुकरं कळपात असतात. आरपार गेलेली गोळी मागच्या पिल्लाला किंवा मादीला जखमी करू शकते. मागे काय उभं आहे हे पाहून चाप ओढण्याची शिस्त तांब्याला शिशापेक्षा जास्त लागते.

एवढं सगळं शिकाऱ्यांच्या गप्पांत कितीही घोळवता येईल. मोजून पाहणाऱ्यांनी काय पाहिलं? जर्मनीत, जिथे एका हंगामात आठ लाखांहून अधिक रानडुकरं मारली गेल्याची नोंद आहे, संशोधकांनी ८२५ रानडुकरांच्या आणि १,२३४ रो हरणांच्या शिकारीच्या नोंदी तपासल्या. गोळी लागल्यावर जनावर किती अंतर पळालं हे त्यांचं माप होतं. जितकं कमी पळालं, तितका मृत्यू लवकर. २०१७मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: पळण्याच्या अंतरावर शिसं की शिसेविरहित या गोष्टीचा परिणाम दिसला नाही. रानडुकराच्या बाबतीत अंतर ठरवत होत्या दोन गोष्टी, गोळी कुठे लागली आणि जनावराचं वय काय.

माझ्या मते इथे पहिला वाद संपतो. नेम चांगला असेल आणि वेगाची अट पाळली असेल, तर तांब्याची गोळी रानडुक्कर तितक्याच लवकर पाडते. मात्र ‘गोळीची कामगिरी’ एवढ्यावर मोजून थांबणं मला अर्धवट वाटतं. डुक्कर पडल्यावर गोळीचं काम संपत नाही.

हरवलेल्या वजनाकडे परत जाऊ. समजा शिशाच्या गोळीने शरीरात तीन ग्रॅम सांडले. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे घन केले तर २६४ होतात. बाजू एक-दशांश मिलिमीटर केली तर कणांची संख्या दोन लाख साठ हजारांवर जाते. खऱ्या जखमेत सगळ्या आकाराचे कण असतात, हे मोजायला एक्स-रे लागतो. अमेरिकेत २००२ ते २००४ या काळात परवानाधारक शिकाऱ्यांनी दिलेल्या ३८ हरणांच्या अवशेषांचे एक्स-रे काढले गेले. शिकारी जागेवरच जनावराचं पोट फाडून आतडी टाकून जातो. अशा वीस ढिगांपैकी अठरांत धातूचे कण सापडले. पाच ढिगांत शंभर ते दोनशे, आणखी पाच ढिगांत दोनशेहून जास्त.

त्याच अभ्यासात चार हरणं तांब्याच्या गोळीने मारलेली होती. आतड्यांचा ढीग नव्हे, चार अख्खी हरणं. चारही मिळून कण सापडले सहा.

दोन लाख फेऱ्यांच्या आकड्याने डोळे विस्फारतात, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा आकडा हा सहाच आहे.

हे कण जखमेच्या रेषेवरच राहत नाहीत, आजूबाजूच्या मांसात दूरवर उडतात. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात शिशाच्या गोळीने मारलेली तीस हरणं नेहमीच्या खाटीकखान्यांत देऊन त्यांचं खिमा केलेलं मांस तपासलं. तीसपैकी चोवीस हरणांच्या मांसात किमान एका पाकिटात धातूचे कण होते. मग ते मांस पाळीव डुकरांना खाऊ घातलं. इथे डुक्कर शिकार नव्हतं, साक्षीदार होतं. माणसाची आणि डुकराची पचनसंस्था बरीच सारखी असते म्हणून त्याची निवड झाली. दोन दिवसांत त्यांच्या रक्तातलं शिसं, कण नसलेलं मांस खाल्लेल्या डुकरांच्या तिपटीहून वर गेलं. टेक्सासात आणि कॅलिफोर्नियात लोक रानडुकराचं मांस हौसेने खातात, मुलांना खाऊ घालतात. लहान मुलाच्या रक्तात शिशाची निर्धोक पातळी म्हणावी अशी कुठलीच पातळी डॉक्टरांना माहीत नाही.

माणूस निदान जखमेभोवतीचं मांस कापून टाकू शकतो. टाकलेलं खाणाऱ्याला ती सोय नाही.

कॅलिफोर्नियाचा काँडोर हे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं गिधाड, पंखांचा पसारा नऊ फुटांहून जास्त. १९८२मध्ये जगात २२ काँडोर उरले होते. १९८७मध्ये उरलेसुरले सगळे पकडून पिंजऱ्यात आणले, तेव्हा संख्या होती २७. तिथून पैदास करून, १९९२पासून पुन्हा सोडत सोडत आज ती पाचशेच्या वर गेली आहे आणि त्यांतले तीनशेहून अधिक मोकळ्या आकाशात आहेत. मोकळ्या काँडोरांच्या ज्या मृत्यूंचं कारण कळलं, त्यांतले निम्म्याच्या आसपास शिशाने झाले. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की हाड विरघळतं, मग शिसं का नाही विरघळणार? काँडोरांना ठरावीक काळाने पकडून रक्त तपासावं लागतं आणि विषबाधा दिसली तर शिसं बाहेर काढणारं औषध टोचावं लागतं. २०१२च्या एका अभ्यासानुसार १९९७ ते २०१० या चौदा वर्षांत कॅलिफोर्नियातल्या मोकळ्या काँडोरांपैकी ४८ टक्क्यांच्या रक्तात उपचार करावा लागेल एवढं शिसं कधी ना कधी सापडलं.

कॅलिफोर्नियात रानडुकराची शिकार बारमाही चालते. ५८ पैकी ५६ काउंट्यांत ते आहे. हरणाचा हंगाम काही आठवड्यांचा, डुकराचा बारा महिन्यांचा. म्हणजे आतड्यांचे ढीग काँडोरसाठी वर्षभर मांडलेले. आता एक हिशोब. काँडोर वर्षाला शंभर मेलेल्या जनावरांवर उतरतो असं धरा. त्यांतलं दोनशेत एकच शिशाने दूषित आहे असं धरा. फार थोडं वाटतं. पण काँडोर पन्नास-साठ वर्षं जगू शकतो. केवळ दहा वर्षांत हजार जनावरं होतात, आणि त्या हजारांत एकदाही शिशाशी गाठ न पडण्याची शक्यता उरते एक टक्क्याहून कमी. शिवाय काँडोर एकटा जेवत नाही. एका ढिगावर दहा-पंधरा उतरतात.

भरपाई करायला त्याच्याकडे वेळ नाही. काँडोर सहा-आठ वर्षांचा झाल्यावर वयात येतो, आणि मग जोडी बहुधा दोन वर्षांत एक अंडं घालते. एक. तेवढ्या काळात एका डुकरिणीची पंधरा-वीस पिल्लं होऊन त्यांतल्या माद्याही व्यालेल्या असतात. एका जनावराची संख्या काही केल्या कमी होत नाही, एका पक्ष्याची आपसूक वाढत नाही, आणि दोघांच्या मध्ये ९.७ ग्रॅमची गोळी आहे. शिसं वापरलं की ती दोघांनाही लागते.

गरुडांचीही तीच कथा. २०२२मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते. टकल्या गरुडांत आणि सोनेरी गरुडांत जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकालीन शिसेबाधेची पातळी सापडली. हाडात साठलेलं शिसं म्हणजे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा खाल्लेलं शिसं.

आणखी एक अंदाज मांडून पाहू. साठ लाख डुकरं थोपवायला वर्षाला दोन-तृतीयांश, म्हणजे चाळीस लाख काढायची. सापळे क्षणभर बाजूला ठेवून ती सगळी शिशाच्या गोळीने मारली आणि प्रत्येकात तीन ग्रॅम शिसं सांडलं असं धरलं, तर दर वर्षी बारा हजार किलो शिसं, धुळीएवढ्या कणांत वाटलेलं, मांसात मिसळलेलं, कुणाच्या तरी तोंडी जाण्याजोगं. एवढं शिसं कारखान्याच्या आवारात एका ढिगात पडलेलं असतं तर इतकं घातक ठरलं नसतं.

कॅलिफोर्नियाने २००८मध्ये काँडोरच्या टापूत मोठ्या जनावरांसाठी शिशाच्या गोळीवर बंदी घातली, २०१३मध्ये राज्यभराचा कायदा केला, आणि १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीसाठी तिथे शिसं चालत नाही. पहिल्या बंदीनंतर सोनेरी गरुडांच्या आणि टर्की गिधाडांच्या रक्तातलं शिसं उतरल्याचं मोजलं गेलं. काँडोरची विषबाधा मात्र संपलेली नाही. एखादंच दूषित जनावर पुरतं, हे वरच्या हिशोबात आलंच आहे. अ‍ॅरिझोनाने दुसरी वाट धरली: काँडोरच्या टापूत जाणाऱ्या शिकाऱ्यांना २००५पासून शिसेविरहित काडतुसं फुकट दिली, समजावून सांगितलं, आणि बहुसंख्य शिकारी स्वखुशीने सामील झाले. मला ही वाट जास्त पटते. बंदूकवाल्याला जनावराबद्दल आस्था नसते असं समजणारे चुकतात. त्याला एक्स-रेचा फोटो दाखवावा लागतो, बस.

मराठी वाचकाला हा हिशोब परका वाटू नये. गिधाडांचं गणित आपण आपल्या डोळ्यांसमोर चुकताना पाहिलं आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरावं इतकी घटली. कारण होतं गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. आणि २००४च्या एका अभ्यासातला आकडा असा, की एवढा संहार व्हायला घातक मात्रा असलेली मेलेली गुरं १३० ते ७६० मध्ये एक असली तरी पुरेशी होती. गावाबाहेर मेलेलं गुरू टाकायची जागा आपल्याकडे गावोगाव होती, तिच्यावर घिरट्या घालणारी गिधाडं आज चाळिशीच्या खालच्या फार थोड्यांनी पाहिली असतील. आपल्याला मेलॉक्सिकॅम हा पर्याय सापडला आणि २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गुरावर उपचार थांबले नाहीत, औषध बदललं. रायफलच्या गोळीत तांब्याची जागा मेलॉक्सिकॅमची आहे.

आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण पिकांची नासधूस करणारी रानडुकरं वनखात्याच्या परवानगीने मारली जातात. परवाना असलेल्या शेतकऱ्याच्या हाती बहुधा बारा बोअरची बंदूक असते, तिच्यात शिसंच भरलेलं असतं आणि तांब्याची रायफलची गोळी त्याच्या उपयोगाची नाही. त्याचा राग मी समजू शकते; रात्रभर राखण करूनही सकाळी भुईमूग उलथलेला पाहणाऱ्याला पक्ष्यांचं प्रवचन देऊ नये. त्याच्याकडे आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे मागणं एवढंच आहे. रायगड आणि गडचिरोली जिल्ह्यांत अजून गिधाडं आहेत. गोळी लागलेलं डुक्कर, त्याची आतडी, जखमेभोवतीचं मांस उघड्यावर टाकू नका. दोन हात खोल खड्डा काढा आणि पुरून टाका.